यूएसबीची वीज तोडूनही एसटी-लिंक जागं होत नसेल तर ३.३ व्होल्टची वायर बघा

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: शेडवरच्या दादांनी नुसतं एसटी-लिंक (चिपमध्ये प्रोग्राम चढवायचं आणि तपासायचं डोंगल) यूएसबीतून काढून परत लावलं तर काही होत नाही, पण डोंगलच्या चार वायरी उपटून पुन्हा बसवल्या की लगेच चालू होतं. बाकीची सगळी माहिती बाजूला ठेवली तरी या एका ओळीवरून दुखणं कळतं. तुमच्या डोंगलला दोन बाजूंनी वीज मिळते आहे, आणि तुम्ही त्यातली एकच बाजू बंद करताय.

नंतर हे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. निफाडकडच्या द्राक्षबागेत, पंपाच्या शेडमध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे. त्याच्या यूएसबीला एसटी-लिंक व्ही२ चं स्वस्त डोंगल, आणि डोंगलच्या चार वायरी, म्हणजे एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट, ब्लू पिल या एसटीएम३२ चिपच्या बोर्डाला. ब्लू पिलवर हवामान यंत्राचं फर्मवेअर चालतं आणि त्याचा सप्लाय सोलरच्या बॅटरीवरून वेगळा आहे. तुम्ही पुण्यात बसून एसएसएचने, म्हणजे नेटवरून पायवर लॉगिन करून, काम करता. अधूनमधून डोंगल चालवणारा प्रोग्राम ओपनओसीडी टाइमआउट देऊ लागतो, तरी एलएसयूएसबीमध्ये, म्हणजे यूएसबी उपकरणांच्या यादीत, डोंगलचा क्रमांक ०४८३:३७४८ दिसतच असतो. रीबूट केलं की यादीतूनही गायब होतं, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१' आणि शेवटी 'अनेबल टू एन्युमरेट यूएसबी डिव्हाइस' येतं. यूहबसीटीएल या कमांडने पोर्टची वीज बंद-चालू करूनही फरक नाही.

तुम्हाला वाटतंय की आधी डोंगल ठीक होतं आणि रीबूटने बिघडलं. तसं नाही. नुसती एलएसयूएसबी कमांड डिव्हाइसला काहीच विचारत नाही. डोंगल लावलं तेव्हा कर्नलने जी माहिती वाचून ठेवली तीच ती दाखवते. डोंगलचं फर्मवेअर अडकलं तरी डी+ वरचा दीड किलोओमचा रेझिस्टर ओढलेलाच राहतो, म्हणून हबच्या दृष्टीने डिव्हाइस लावलेलंच असतं आणि यादीतलं नाव हलत नाही. रीबूटनंतर कर्नलला ओळखपरेड पहिल्यापासून घ्यावी लागते. तेव्हा समोरून कुणी बोलत नाही आणि -७१ येतं. डोंगल त्याआधीच गेलेलं होतं, रीबूटने ते फक्त उघड केलं. पुढच्या वेळी खात्री करायची तर एलएसयूएसबीला -व्ही आणि -डी ०४८३:३७४८ द्या. तेव्हा खरोखर डिव्हाइसशी बोलायचा प्रयत्न होतो. ती कमांड रेंगाळली किंवा मध्येच चुका देऊ लागली तर नावावर विसंबू नका.

-७१ चा अर्थ लोक सरसकट 'केबल खराब' असा लावतात. त्याचा अर्थ एवढाच की यूएसबीच्या नियमाप्रमाणे समजेल असं उत्तर आलं नाही. केबल खराब असेल तरी येतो, समोरचा चिप बेशुद्ध असेल तरी येतो. तुमच्याकडे तीच केबल, तोच पोर्ट, आणि वायरी काढून लावल्या की सगळं सुरळीत. म्हणजे केबलवरचा संशय सोडून द्या. -११० वेगळा: ठरल्या वेळात उत्तर पूर्ण झालं नाही. आणि -३२ दिसला तर समोरचा जिवंत आहे, त्याने विनंती नाकारली एवढंच. तिथे दुरुस्ती बहुतेक सॉफ्टवेअरमध्येच सापडते.

आता मूळ मुद्दा. अस्सल एसटी-लिंकवर टार्गेटच्या, म्हणजे समोरच्या बोर्डाच्या, व्होल्टेजची पिन फक्त मोजण्यासाठी असते. त्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डोंगलांवर ३.३ व्होल्ट लिहिलेली पिन ही डोंगलच्या स्वतःच्या रेग्युलेटरचं आउटपुट असते. तुमच्या ब्लू पिलला बॅटरीवरून वीज आहे, त्याच्या ३.३ च्या पिनवर त्याच्या रेग्युलेटरचं आउटपुट आहे, आणि ही दोन आउटपुट तुम्ही वायरने जोडली आहेत. यूएसबी पोर्टची वीज तोडा, डोंगल पोर्टमधून उपटा, काहीही करा. डोंगलमधल्या चिपला ब्लू पिलकडून ३.३ व्होल्ट मिळतच राहतात. चिप अडकलेल्या अवस्थेतच राहते. तिला रीसेट व्हायला हवं ते व्होल्टेज शून्याकडे जाऊन परत येण्याने, आणि ते कधी खाली जातच नाही.

यूएसबी रीसेट, 'ऑथराइज्ड' फाइलमध्ये ० आणि मग १ लिहिणं, ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करणं, हे सगळे उपाय याच कारणाने वाया गेले. ते सगळे बसवरून पाठवलेले निरोप आहेत, आणि निरोप ऐकायला पलीकडचं फर्मवेअर चालू असावं लागतं.

पडताळा सोपा आहे. पुन्हा अडकलं की यूहबसीटीएलने पोर्ट बंद करा आणि दादांना फोन करून एवढंच विचारा: डोंगलवरचा लाल दिवा चालू आहे का? पोर्ट बंद असताना दिवा जळत असेल, अगदी मिणमिणता जरी असला, तर वीज मागच्या दाराने येते आहे. मग त्यांना ३.३ ची एकच वायर काढायला सांगा. दिवा विझेल. पोर्ट चालू करा, डीमेसेजमध्ये नवं डिव्हाइस दिसेल. ती वायर परत लावायची नाही. ज्या बोर्डाला स्वतःचा सप्लाय आहे त्याला एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि ग्राउंड एवढ्यावर डिबगिंग व्यवस्थित होतं.

उरलेल्या दोन सिग्नल वायरींतून वीज गळणार नाही का, अशी शंका येईल. गळते, पण एसटीएम३२ च्या आतला पुल-अप साधारण ४० किलोओमचा असतो, त्यातून ०.१ मिलिॲम्पिअरही जात नाही, तेवढ्यावर चिप तग धरत नाही. यूआर्ट (सिरियल पोर्ट) असलेल्या प्रोबांची, म्हणजे तशा डोंगलांची, गोष्ट वेगळी. टार्गेटची टीएक्स (डेटा पाठवणारी) लाइन रिकामी असताना जोरात वर धरलेली असते, आणि ती प्रोबच्या संरक्षक डायोडमधून आत पुरेशी वीज ढकलू शकते. तशी जोडणी असेल तर टीएक्सच्या वायरीत एक किलोओमचा रेझिस्टर टाका. वेग नेहमीच्या ११५२०० पर्यंत असेल तर त्याने काही बिघडत नाही.

दुरून काम करताना मी एक शिस्त कटाक्षाने पाळतो, ती तुम्हीही पाळा. काहीही रीसेट करायच्या आधी पुरावा उतरवून घ्या: डीमेसेजचं पूर्ण आउटपुट एका फाइलमध्ये, आणि 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' ची किंमत, जी पायचा सप्लाय कमी पडला का ते सांगते. रीबूट केलं की दोन्ही पुसलं जातं. सिस्टमडीचा जर्नल कार्डावर कायम ठेवायची सोय केलेली असेल तरच 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मागच्या वेळचा कर्नल लॉग मिळतो. ती सोय आजच करून ठेवा.

दुसरं, तुम्ही ज्या वाटेने आत आला आहात ती यूएसबीवरून जात नाही ना, हे आधी बघा. पाय ४ वर यूहबसीटीएल चारही पोर्टांची वीज एकदमच तोडतं, एकट्या पोर्टची नाही. तुमचं नेट बोर्डावरच्या वायफायवर आहे, ते यूएसबीवर अवलंबून नाही, म्हणून तुम्हाला ही कमांड निर्धास्त वापरता येते. कुणी यूएसबीचं ४जी डोंगल लावून बसला असेल किंवा यूएसबी एसएसडीवरून बूट करत असेल, तर याच कमांडने तो बसलेली फांदीच तोडेल. पाय ३ बी वर तर इथरनेटही त्याच यूएसबी हबमागे आहे. म्हणून धोक्याची कमांड देण्याआधी 'शटडाउन -आर +१०' लावून ठेवा. दहा मिनिटांनी बोर्ड आपोआप रीबूट होईल. सगळं नीट झालं आणि तुम्ही अजून आत असाल तर 'शटडाउन -सी' ने ते रद्द करा. आणि बंद-चालूच्या दोन्ही कमांड एकाच ओळीत किंवा स्क्रिप्टमध्ये, टीमक्समध्ये चालवा. मधेच कनेक्शन तुटलं तरी 'चालू' ची कमांड अडकायला नको.

आता डोंगल मुळात का अडकतं? तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये 'डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग' ही ओळ दोनदा आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ईएमआय म्हणजे विद्युत गोंगाट. हबने पोर्ट स्वतःहून बंद केला की कर्नल हा अंदाज लिहितो, आणि शेडमध्ये तीन फेजची मोटर आणि तिचा स्टार्टर असेल तर तो अंदाज बहुधा खराच असतो. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) सुटतो त्या क्षणी त्याच्या कॉइलमधून उंच व्होल्टेजचा झटका निघतो. जवळून गेलेली लांब, बिनशील्डची वायर तो अँटेनासारखा उचलते. ओळीवरच्या वेळा आणि मोटर चालू-बंद केल्याच्या वेळा जुळवून बघा. वीज रात्रीच्या पाळीत येत असेल तर लॉगमध्येही तीच वेळ सापडेल.

जुळल्या, तर उपाय साधे आहेत. पाय आणि डोंगल स्टार्टरच्या पेटीपासून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला न्या. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल असेल तर काढून टाका, किंवा छोटी आणि शील्डची घ्या. एसडब्ल्यूडीच्या वायरी वीत-दीड वीत, ग्राउंड त्यांच्या सोबत पीळ घालून. एसडब्ल्यूडीचा वेग ओपनओसीडीमध्ये 'ॲडाप्टर स्पीड' ने कमी करा. लांबून फर्मवेअर चढवताना पाच सेकंद जास्त लागले तर बिघडत नाही. आणि वायरमनला कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषून घेणारा भाग) लावायला सांगा. ते काम त्यानेच करावं, तुम्ही किंवा दादांनी ४१५ व्होल्टच्या पेटीत हात घालू नये.

गेट_थ्रॉटल्ड ची किंमत तुम्ही ०एक्स५०००० दिली आहे. म्हणजे आत्ता सप्लाय ठीक आहे, पण बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलं होतं आणि प्रोसेसरला वेग कमी करावा लागला होता. मोबाइलचा चार्जर आणि लांब केबल वापरत असाल तर ते बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा सप्लाय लागतो. चारही पोर्टांना मिळून जास्तीत जास्त १.२ ॲम्पिअर मिळतात. तुमच्या एका डोंगलला ते भरपूर आहेत, तिथे प्रश्न नाही.

यूएसबी ऑटोसस्पेंडबद्दल (रिकामं उपकरण आपोआप झोपवण्याबद्दल) तुम्ही विचारलंय. तुमच्या लक्षणांत ते बसत नाही. बंद करायचं असेल तर त्या डिव्हाइसच्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' लिहा. कुणी ओपनओसीडी डॉकरमध्ये चालवत असेल तर मात्र तिथे खरी अडचण आहे: डोंगल परत आलं की त्याचा डिव्हाइस नंबर बदलतो आणि कंटेनर जुन्याच नंबरकडे बघत बसतो. एका फाइलऐवजी पूर्ण 'डेव्ह/बस/यूएसबी' आत जोडा आणि १८९ या मेजर नंबरला परवानगी द्या.

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या फेरीत ते डोंगलच काढून टाकलं असतं. पाय ४ टार्गेटच्या शेजारीच आहे आणि दोन्हींचे सिग्नल ३.३ व्होल्टचे आहेत. ओपनओसीडीत 'बीसीएम२८३५जीपीआयओ' नावाचा ड्रायव्हर आहे. तो पायच्या जीपीआयओ पिनांवरूनच एसडब्ल्यूडी बोलतो. एसडब्ल्यूडीआयओ जीपीआयओ २४ ला, म्हणजे हेडरवरची १८ वी पिन. एसडब्ल्यूसीएलके जीपीआयओ २५ ला, म्हणजे २२ वी पिन. मधली २० वी ग्राउंड. तीन पिना ओळीने शेजारी-शेजारी येतात, दादांना फोनवर सांगायलाही सोपं. दोन्ही सिग्नल वायरींत शंभर ओमचा एकेक रेझिस्टर टाका. ब्लू पिलची एनआरएसटी (रीसेटची पिन) आणखी एका मोकळ्या जीपीआयओला जोडली तर टार्गेट झोपलेलं असलं तरी रीसेटमध्ये धरून पकडता येतं. डोंगलच्या रीसेट पिनचा भरवसा नसतो, अनेक डोंगलांवर ती एसटीएम८ या वेगळ्या चिपांसाठीच चालते. पाय ५ वर हा ड्रायव्हर चालत नाही, तिथे 'लिनक्सजीपीआयओडी' घ्यावा लागतो. तुमच्याकडे ४ आहे, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही.

तोपर्यंत आज फक्त ३.३ ची वायर काढून घ्या, आणि पुढच्या वेळी अडकलं तर रीबूटच्या आधीचं डीमेसेज मोटरच्या वेळांसकट इथे टाका.