कचरा वेचणाऱ्या महिलांच्या गटासाठी प्लास्टिक पुनर्प्रक्रियेचे यंत्र घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, सांगलीत कचरा वेचणाऱ्या काही महिलांचा बचत गट आपण बांधला आहे, देणगीतून थोडी रक्कम उभी राहिली आहे, तर त्यातून प्लास्टिक पुनर्प्रक्रियेचे छोटे यंत्र घ्यावे का आणि त्याने त्यांचे जीवनमान खरोखर सुधारेल का. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या प्लास्टिकपासून दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल, बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मालाची खरेदी पाहतो. या व्यवहाराच्या एका टोकाला त्या महिला उभ्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला मी बसलेलो आहे. माझे मत असे की, यंत्र आत्ता घेऊ नये. ती रक्कम पत्र्याच्या शेडसाठी, वजनकाट्यासाठी आणि खेळत्या भांडवलासाठी वापरावी.

कारण सांगतो. वेचलेला माल आधी वस्तीजवळच्या भंगारवाल्याकडे जातो, तेथून मोठ्या गोदामवाल्याकडे आणि मग आमच्यासारख्या कारखान्याकडे येतो. या मधल्या दोघांकडे बहुधा कोणतेही मोठे यंत्र नसते. ते मालाची निवड करतात, गाडीभर माल साठेपर्यंत थांबतात आणि दर पडले असतील तर आणखी काही दिवस थांबू शकतात. वेचणाऱ्या बाईला थांबता येत नाही, कारण संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या पोत्यावर पेटायची असते. त्यातच आजारपणाला किंवा लग्नकार्याला भंगारवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असली, तर माल त्यालाच, त्याच्याच काट्यावर आणि तो म्हणेल त्या दराने घालावा लागतो. ऊसतोड कामगारांची उचल आपल्या जिल्ह्याला नवी नाही. येथे रक्कम लहान असते, एवढाच फरक. भंगारवाला दुष्ट असतो असे मी म्हणणार नाही, अडीअडचणीला तोच पैसे देतो. पण त्या पैशाचे व्याज दरात आणि वजनात वसूल होते.

म्हणून पहिली गरज आहे ती निवडीची. मिश्र माल आला की खरेदीदार त्यातील सर्वांत हलक्या प्रतीच्या वस्तूचा विचार करून दर लावतो. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्यांची झाकणे बहुधा एचडीपीई (कडक पॉलिथिन) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्रकारांची, दुधाच्या पिशव्या पॉलिथिनच्या. शाम्पूच्या आणि फिनेलच्या डब्यांचा वर्ग पुन्हा वेगळा. यांतील काही ओळख हातांनाच असते. दाबल्यावर होणारा आवाज आणि तुकडा मोडण्याची तऱ्हा यांवरून अनुभवी बाई जेवढे सांगते, तेवढे आमच्याकडील नवशिक्या पर्यवेक्षकालाही सांगता येत नाही. शंका आली तर बादलीभर पाणी पुरते: पीईटी बुडते, पॉलिथिन आणि पीपी तरंगतात. पीव्हीसी, म्हणजे पाइपांसाठी वापरले जाणारे प्लास्टिक, तीही बुडते, आणि तिथेच खरी अडचण आहे. पीईटी सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळते, पीव्हीसी त्याच्या बरेच आधी विघटित होऊन आम्लवायू सोडते. त्यामुळे पीईटीत थोडी जरी पीव्हीसी राहिली तरी माल पिवळा पडतो आणि काळे ठिपके धरतो. आमच्या व्यवसायात दर कापला जातो तो बहुतेक वेळा अशा भेसळीमुळे आणि ओलाव्यामुळे. बाटलीतील पाणी ओतून, झाकण वेगळे करून, रंगीत आणि पारदर्शक वेगळे ठेवून कोरडा माल दिला, तर त्याच बाटल्यांना अधिक दर मिळतो.

हे सगळे झोपडीच्या दारात होत नाही. त्यासाठी छप्पर, फरशी आणि कुलूप लागते. जागा निवडताना 2019 आणि 2021 चे पूर आठवावेत आणि नदीकाठची स्वस्त जागा मोफत मिळाली तरी घेऊ नये, कारण गाळाने माखलेल्या प्लास्टिकला धुण्याचाही खर्च निघत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. माल कोठून मिळतो, यावर त्या बाईचे आरोग्य आणि उत्पन्न दोन्ही अवलंबून असतात. ओल्या कचऱ्यात मिसळून डेपोवर गेलेली पिशवी आणि घराच्या दारात कोरडी मिळालेली पिशवी एकाच कारखान्यात बनलेली असली तरी पहिलीला जवळजवळ गिऱ्हाईक नसते, आणि ती उचलताना काच, सुया आणि वापरलेले सॅनिटरी पॅड हाताला लागतात. शहरांत घंटागाड्या आल्यानंतर रस्त्यावरचा चांगला माल गाडीतच निवडला जाऊ लागला आणि वेचणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले आले. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने याच मुद्द्यावर कचरावेचकांची संघटना बांधली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने 2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. तेथे सभासदाला दारोदार कचरा गोळा करण्याबद्दल घरांकडून शुल्क मिळते आणि सुका माल विकण्याचा हक्कही त्याच्याकडे राहतो. भंगाराचे दर पडले तरी पहिले उत्पन्न टिकते, ही या रचनेतील शहाणपणाची बाजू आहे. साखर, दूध आणि सूतगिरण्या सहकारातून उभारलेल्या आपल्या जिल्ह्यात भंगाराची सहकारी संस्था कोणाला सुचू नये, याचे मला नवल वाटते.

मागणी करायला आधारही आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांचे बचत गट स्थापन होण्यास मदत करणे, त्यांना ओळखपत्रे देणे, दारोदार संकलनात सामावून घेणे आणि निवडीसाठी जागा उपलब्ध करणे ही स्थानिक संस्थांची कर्तव्ये ठरवली. तेव्हा महापालिकेकडे दोन-तीन प्रभागांचे किंवा काही गृहसंकुलांचे सुके कचरा संकलन लेखी मागावे. ओळखपत्राचा उपयोग पोलिसांनी हटकू नये एवढ्यापुरता नाही. अस्वच्छ आणि आरोग्यास धोकादायक व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठी असलेल्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीसाठी आणि सफाई कामगारांसाठीच्या आणि 2024 पासून कचरावेचकांनाही लागू झालेल्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेसाठीही कामाचा पुरावा हाताशी असलेला बरा.

वेफर्स आणि गुटख्याच्या बहुस्तरीय पुड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. त्या आम्ही घेत नाही, कारण त्यांतील थर वेगळे होत नाहीत. त्या सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. शहर स्वच्छ दिसावे म्हणून त्या उचलायच्या असतील, तर ती सेवा आहे आणि तिचे पैसे किलोमागे वेगळे मिळाले पाहिजेत. शेतात जमीन झाकण्यासाठी वापरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागदही तसाच, प्लास्टिकपेक्षा मातीच अधिक. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागांतून निघणाऱ्या ठिबकच्या जुन्या नळ्यांना मात्र चांगली मागणी असते. बागायतदारांशी गटाने थेट बोलून ठेवावे.

आता यंत्राकडे येतो. प्लास्टिक दळून चुरा करण्याचे यंत्र घेतले की थ्री-फेज वीजजोडणी, धुण्याचे पाणी, त्या सांडपाण्याची व्यवस्था, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पाती धार लावून देणारा माणूस हे सगळे मागोमाग येते. दळलेल्या मालातील भेसळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अनोळखी विक्रेत्याचा चुरा आम्ही अखंड बाटल्यांपेक्षा अधिक संशयाने घेतो. हे विकणारा आपणांस सांगणार नाही. शिवाय विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनीच त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यावी या तत्त्वाच्या, 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे नोंदणीकृत कारखान्याच्या नावावर तयार होतात आणि उत्पादक कंपन्या ती त्याच्याकडून विकत घेतात. तो पैसा आपोआप वेचणाऱ्यांपर्यंत झिरपत नाही. गटाकडे निवडलेला माल नियमित असेल, तर करार करताना किलोमागे त्यातील वाटा मागता येतो, आणि माझ्यासारख्या खरेदी करणाऱ्याला नियमित मालापुढे काही प्रमाणात नमते घ्यावेच लागते.

भांडवलाचा काही भाग उचल फेडण्यासाठी बाजूला ठेवावा, अन्यथा शेड बांधूनही माल जुन्याच काट्यावर जात राहील. प्रत्येकीला रोजच्या रोज वजनाची पावती आणि रोख पैसे द्यावेत. महिन्याच्या शेवटी हिशेब करू म्हटले तर पहिल्याच आठवड्यात गट फुटेल. कमीत कमी दोन कारखान्यांचे दर विचारल्याशिवाय गाडी भरू नये, त्यातील एक आमचा असला तरीही. गाडीभर माल नियमित निघू लागला की हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे माल दाबून गठ्ठे करण्याचे यंत्र, घेण्याचा विचार करावा, कारण गासड्या बांधल्या की वाहतुकीचा खर्च लगेच कमी होतो. दळण्याच्या यंत्राचा क्रमांक त्यानंतरचा.