पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर राहिलेली ट्रायकोडर्मा पावडर चालेल का?

नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या पाकिटावर द्राक्षबाग सोडू नका. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी; पावडरीत तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारख्या पेशी असतात. ते सुप्त असले तरी त्यांचं श्वसन मंद का होईना, चालूच असतं. उष्णता फार वाढली की मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचं, आतलं पटल गळकं होतं आणि श्वसनात पटलाबाहेर ढकललेले प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, न बनवताच आत परततात. ऑक्सिजन खर्च होतो, ऊर्जा मात्र हाती लागत नाही. वर पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे घातक रेणू साठतात. ट्रेहॅलोज ही साखर काही काळ सांभाळून घेते. कोरडे बीजाणू बरेच तगतात, ओल लागलेले लवकर मरतात.

फेकण्याआधी चिमूटभर पावडर ओलसर, मुरलेल्या शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवा. शेजारी पावडर न घातलेलं तेच खत ठेवा. आठ-दहा दिवसांत फक्त पहिल्यावर हिरवा थर आला, तर जीव शिल्लक आहे.