अमेरिकेची ओळख : एक भाषण, दोन चित्रे आणि एक निकाल

प्रश्न : मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते आणि आता अमेरिकेची नागरिक आहे. आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘अमेरिकी असणे म्हणजे काय’ या विषयावर दरमहा एक बैठक सुरू होत आहे. थोडे वाचायचे, काही चित्रे पाहायची आणि त्यांवर बोलायचे, असे तिचे स्वरूप आहे. दहा-बारा जण येतील. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, एक कृष्णवर्णीय जोडपे आहे आणि माझ्यासारखे बाहेरून आलेलेही काही आहेत. पहिल्या तीन बैठकांचे साहित्य निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काय निवडावे? चर्चा निवडणुकीच्या भांडणाकडे जाऊ नये म्हणून काय करावे? आणि जिचे बालपण सांगलीत गेले, तिने या विषयावर पुढे होऊन बोलावे का, हा संकोचही मनात आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अमेरिकेचा इतिहास आरंभापासून आजपर्यंत क्रमाने उलगडून दाखवण्याचा मोह टाळावा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. तीन बैठकांत तो मावत नाही, आणि मावला तरी ऐकणाऱ्यांना बोलायला जागा उरत नाही. हा देश एका लिखित वचनापासून सुरू झाला, आणि त्या वचनात आपली गणना आहे की नाही, हे तिथे प्रत्येक पिढीत कोणीतरी उभे राहून विचारत आले आहे. अमेरिकी ओळखीचा सर्वांत जिवंत भाग मला या विचारण्यातच दिसतो. म्हणून एकमेकींना उत्तर देणाऱ्या कृती शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्या थोड्याच असाव्यात.

पहिल्या बैठकीला १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सगळ्यांनी मिळून, आळीपाळीने, मोठ्याने वाचावा. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे त्यातले वाक्य प्रत्येकाला ठाऊक असते, पण त्यापुढची राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी फारच थोड्यांनी वाचलेली असते. त्या यादीतल्या शेवटच्या तक्रारीत मूळ रहिवाशांचा उल्लेख निर्दय रानटी लोक असा केलेला आहे. समतेचे वाक्य आणि हा उल्लेख एकाच कागदावर आहेत, आणि ज्यांच्याविषयी तो केला गेला त्या सर्वांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये झाला. थॉमस जेफर्सन यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा आणि त्याचा दोष इंग्लंडच्या राजावर टाकणारा एक परिच्छेद होता, तो वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, म्हणजे काँग्रेसने, काढून टाकला. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून होती. हे सांगून झाल्यावर लगेच मत विचारू नये. आधी दुसरा मजकूर हाती द्यावा.

तो म्हणजे फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ चे भाषण. मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटलेल्या या माणसाला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलायला बोलावले होते. भाषण लांब आहे, म्हणून आरंभ, मध्य आणि शेवट असे तीन उतारे निवडावेत. आरंभी ते राष्ट्र स्थापणाऱ्यांच्या धैर्याचा मनापासून गौरव करतात. मध्यावर, चार जुलै हा दिवस गुलामाच्या लेखी काय आहे, असा प्रश्न टाकून ते श्रोत्यांना सांगतात की हा उत्सव तुमचा आहे, माझा नाही. शेवटी मात्र ते राज्यघटनेकडे पाठ फिरवत नाहीत. तिला स्वातंत्र्याचा दस्तऐवज मानून तिच्याच आधारे आशा व्यक्त करतात. ज्याला या देशाने माणूस म्हणूनही मोजले नाही, तो त्या देशाच्या कागदावर इतका हक्क का सांगतो, हा एकच प्रश्न दोन तासांना पुरेल असा माझा विश्वास आहे.

दुसरी बैठक चित्रांची ठेवावी. ग्रँट वुड यांचे १९३० चे ‘अमेरिकन गॉथिक’ सगळ्यांच्या ओळखीचे असते, म्हणूनच ते कोणी नीट पाहत नाही. आयोवा राज्यातल्या एल्डन गावी वुड यांना टोकदार कमानीची खिडकी असलेले एक छोटे पांढरे घर दिसले, आणि त्यासमोर दाताळे धरलेला पुरुष आणि बाजूला एक स्त्री त्यांनी रंगवली. चेहऱ्यांसाठी त्यांनी आपली बहीण आणि आपला दंतवैद्य यांना बसवले होते. पाहणारे बहुधा ते नवरा-बायको समजतात, पण वुड यांच्या मते ती त्याची मुलगी होती. आयोवातल्या काही शेतकरी कुटुंबांना हे चित्र आपली थट्टा वाटले, तर पुढे मंदीच्या काळात त्याच चित्रात लोकांना कष्टाळू अमेरिकेचा मान दिसू लागला. त्याच्या शेजारी गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये टिपलेले कृष्णवर्णीय एला वॉटसन यांचे छायाचित्र ठेवा. त्या सरकारी कार्यालयात सफाईचे काम करत होत्या. मागे भिंतभर राष्ट्रध्वज, एका बाजूला उभा झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचे मॉप, आणि मध्ये त्या, सरळ समोर पाहणाऱ्या. पार्क्स यांनी कॅमेरा उचलण्याआधी त्यांच्या आयुष्याविषयी त्यांच्याशी बोलून घेतले होते, आणि नंतर त्यांच्या घरी, नातवंडांत, चर्चमध्ये जाऊन त्यांची आणखी छायाचित्रे काढली. ती मालिकाही जरूर दाखवावी, कारण एकाच छायाचित्रात त्या केवळ अन्यायाचे चिन्ह होऊन राहतात, आणि मालिकेत त्या एक पूर्ण बाई म्हणून भेटतात.

वेळ उरला, किंवा खरे तर वेळ काढूनच, जेकब लॉरेन्स यांच्या, कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतरावरच्या ‘मायग्रेशन’ मालिकेतली काही चित्रे पाहावीत. लॉरेन्स यांचा जन्म आपल्याच राज्यात, अटलांटिक सिटीत, १९१७ मध्ये झाला, आणि त्यांचे आईवडील दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्यांपैकी होते. १९४०-४१ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या ग्रंथालयात बसून माहिती गोळा केली, आधी मथळे लिहिले आणि मग त्यांवरून ६० चित्रे रंगवली. सर्व चित्रांवर एकच रंग एकाच वेळी लावत गेल्यामुळे मालिकेला एकसंध सूर आला आहे. आज विषम क्रमांकांची चित्रे वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे आणि सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे आहेत, आणि दोन्ही संस्थांनी त्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. ४९ व्या चित्रावर थांबावे. उत्तरेतल्या एका भोजनगृहात गोरे आणि काळे जेवत बसले आहेत आणि दोघांमधून एक पिवळी सीमारेषा वाकडी-तिकडी गेली आहे. तिथेही भेदभाव भेटला, पण वेगळ्या प्रकारचा, असे मथळा सांगतो. त्या चित्रात कोणी कोणावर हात उगारलेला नाही, आणि तरीही पाहताना जेवणाऱ्यांच्या पाठी आपल्याला अस्वस्थ करतात.

तिसऱ्या बैठकीत आपल्या संकोचाचे उत्तर आहे. पंजाबात जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांचे नागरिकत्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये नाकारले. त्या वेळच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच नागरिक होता येत असे. तीनच महिन्यांपूर्वी जपानी ताकाओ ओझावा यांचा दावा फेटाळताना न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्राने मानलेला एक वंशगट), असा अर्थ लावला होता. त्या काळच्या वंशशास्त्राने भारतीयांना कॉकेशियन गणले आहे, असे थिंड यांच्या बाजूने मांडले गेले, तेव्हा न्यायालयाने सर्वसामान्य माणसाच्या समजुतीतला गोरा माणूस हाच निकष धरला. या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. भारतीयांना तो मार्ग १९४६ च्या कायद्याने पुन्हा मिळाला आणि मोठ्या संख्येने येण्याची वाट १९६५ च्या कायद्याने मोकळी झाली. आपण आज ज्या ग्रंथालयात बसणार आहात, तिथे आपले असणे या साखळीने शक्य केले आहे, तेव्हा बोलण्याचा अधिकार आपल्याला पूर्णपणे आहे.

या निकालात आपल्या गटातल्या भारतीयांनी विशेष थांबावे असे एक स्थळ आहे. थिंड यांच्या दाव्याचा एक आधार ते उच्च जातीचे, शुद्ध रक्ताचे हिंदू (तिथल्या तेव्हाच्या भाषेत भारतीय) आहेत हा होता. म्हणजे कायद्यातला वंशभेद चुकीचा आहे असे न म्हणता, आपण त्या भेदाच्या वरच्या बाजूला आहोत असे ते सांगत होते. याविषयी त्यांना दोष देऊन मोकळे होऊ नये. दुसरा कोणता युक्तिवाद त्या न्यायालयात चालला असता, याचाही विचार करावा. परंतु आपल्याकडून आपण अमेरिकेत काय घेऊन गेलो, हे या कागदपत्रांत जितके उघडे दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल, आणि ते कृष्णवर्णीय सदस्यांच्या समोर मोकळेपणाने वाचले गेले तर गटातला विश्वास वाढेल.

आता चर्चा कशी चालवावी याविषयी. अशा बैठकांची परंपरा त्या देशात जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात ‘जुंटो’ नावाचे मंडळ काढले होते. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमे, सदस्य पाळीपाळीने प्रश्न मांडत, आणि मत ठासून सांगणे किंवा दुसऱ्याचे बोलणे थेट खोडून काढणे यांना काही काळाने बंदी घालून छोटा दंड ठेवला गेला. दंड आपण ठेवू नये, पण नियम तोच ठेवावा. चित्रासमोर आधी दोन-तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प राहून पाहावे. मग इथे काय चालले आहे, असे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याला असे कशावरून वाटले ते चित्रातच दाखवायला सांगावे. मजकुराबाबतही बोट ओळीवर ठेवूनच बोलावे. पक्षाचे भांडण बहुधा तिथे सुरू होते जिथे समोरची कृती दृष्टीआड झालेली असते, तेव्हा कोणी आजच्या नेत्यांकडे वळले तर त्यांना अडवण्याऐवजी, हे डग्लस यांच्या कोणत्या वाक्यावरून आठवले, असे विचारावे. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : त्या कृष्णवर्णीय जोडप्याकडे वळून, तुम्हाला काय वाटते, असे आपण होऊन विचारू नये. साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर देण्याचे ओझे कोणावरही टाकण्याचा आपल्याला हक्क नाही. त्यांना बोलायचे तेव्हा ते बोलतील.

प्रश्न : अशा गटात कादंबरी का घेऊ नये? आमच्या वाचनमंडळात तीच चालते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर घ्यावी, पण गट जमल्यावर. सुरुवातीला निम्मे सदस्य पुस्तक अर्धवट वाचून येतात आणि मग पूर्ण वाचलेलेच बोलत राहतात. त्यापेक्षा दोन छोट्या कविता घ्याव्यात. वॉल्ट व्हिटमन यांनी आपल्या एका प्रसिद्ध कवितेत गाणारी अमेरिका ऐकली आहे. तिच्यात सुतार, गवंडी, नावाडी, चांभार, आई, सगळे आपापले गाणे गातात. कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज यांच्या १९२६ च्या संग्रहातली कविता, मीही अमेरिका गातो, असे म्हणत तिला उत्तर देते; पाहुणे आले की स्वयंपाकघरात जेवायला पाठवला जाणारा सावळा भाऊ तिच्यात बोलतो. दोन्ही जागेवर वाचून होतात आणि सगळे एकाच वेळी सुरुवात करतात.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना हा विषय मराठीतून हाताळता येईल का?
— एक प्राध्यापक

उत्तर : येईल, आणि तुमच्याजवळचे साहित्य अस्सल आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका डग्लस यांच्या भाषणाशेजारी ठेवावी. पुण्यातून पाहताना जे काम झालेले दिसत होते, ते तिथे तेव्हा किती अपुरे होते आणि १८७७ नंतर कसे मागे ढकलले गेले, हे विद्यार्थ्यांनी शोधावे. मात्र फुल्यांना कमी माहिती होती, असा निष्कर्ष काढून थांबू नये. त्यांना ते उदाहरण इथल्या लोकांसमोर कशासाठी ठेवायचे होते, हा अधिक मोलाचा प्रश्न आहे.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियात पोहोचल्या, १८८८ पर्यंत त्या देशात हिंडल्या, आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांविषयीची प्रकरणे घ्यावीत आणि रमाबाई कशाचे कौतुक करतात, कशावर बोट ठेवतात, याच्या दोन याद्या वर्गाकडून करून घ्याव्यात. यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १९४६ चे, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना लिहिलेले छोटे पत्र वाचावे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली होती, आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्या स्थितीसारखी असल्याने असा अभ्यास आवश्यकच आहे, असे म्हटले होते. ड्युबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत उत्तर पाठवले. ही दोन्ही पत्रे मिळून दोन पानांची आहेत, तेव्हा एका तासिकेत वाचून त्यांवर बोलताही येईल.