आयबी की ए लेव्हल? आधी पॉलिसीचं पहिलं पान उघडा

पत्र : वय ४६, नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात नोकरी. महिन्याला दीड लाख हातात येतात, पत्नीच्या शिकवण्यांचे १५ हजार वेगळे. मुलगी यंदा दहावीला, सीबीएसई. गणित आणि फिजिक्स चांगलं आहे. इंजिनिअरिंगचा विचार, जमलं तर कॅनडा. अकरावी-बारावीसाठी परदेशी बोर्डांचे दोन पर्याय पाहिले : आयबी डिप्लोमा, फी वर्षाला साडेसात लाख, आणि केंब्रिजचं ए लेव्हल, साडेचार लाख. आयबी केलं की शिष्यवृत्ती सोपी जाते, असं समुपदेशक म्हणाले. फीसाठी ईपीएफच्या ३१ लाखांतून १५ लाख काढायचा विचार आहे. गृहकर्ज २८ लाख बाकी, हप्ता ३३ हजार. मुलगी तीन वर्षांची असताना वर्षाला लाखभर हप्त्याची चाइल्ड पॉलिसी घेतली, १२ हप्ते झाले, त्यामुळे पदवीची चिंता नाही. एजंट म्हणतात ती आता बंद करा, ११ लाख येतील, ते नव्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाका. कोणता अभ्यासक्रम निवडू? पॉलिसीची कागदपत्रं जोडली आहेत. कंपनीचा २० लाखांचा गट विमा आहे. बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर : कागदपत्रं जोडलीत हे फार बरं केलंत. पहिल्या पानावर 'विमेदार' या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. विमा रक्कम २० लाख. हप्तामाफीच्या रायडरसमोर, म्हणजे हप्ता भरणारे पालक गेले तर पुढचे हप्ते माफ करणाऱ्या जोडकलमासमोर, 'नाही'.

म्हणजे गेली बारा वर्षं तुम्ही शाळेत जाणाऱ्या मुलीच्या जिवाचा विमा भरताय. देव न करो, उद्या तुमचं काही झालं तर या पॉलिसीतून घरी एक रुपया येणार नाही. उलट ती चालू ठेवायला तुमच्या पत्नीला शिकवण्यांच्या १५ हजारांतून दर वर्षी लाख रुपये काढावे लागतील, आणि डोक्यावर २८ लाखांचं गृहकर्ज असेल. तुमच्या स्वतःच्या जिवावर काय आहे, तर कंपनीचा २० लाखांचा गट विमा. त्यातून गृहकर्जसुद्धा फिटत नाही. आणि नोकरी सुटली की तोही सुटला.

मुलाच्या नावाने पॉलिसी घेतली की मुलाची सोय झाली, हा समज एजंट लोकांनी वर्षानुवर्षं पोसलाय. तुमच्या घरात मुख्य कमावता माणूस एक. फी, हप्ता, किराणा, कॅनडा, सगळं त्याच्या पगारावर. त्याचाच पुरेसा विमा नाही.

तेव्हा शाळेचा फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी दोन कोटींचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, निवृत्तीपर्यंतचा. तुमच्यामागे गृहकर्ज फेडून जवळपास पावणेदोन कोटी उरतील. सहा टक्क्यांनी वर्षाला दहा लाख, घर चालेल. तुमच्या वयाला हप्ता वर्षाला ५० हजारांच्या आसपास पडेल. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढाच दिलासा. पॉलिसी घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली घ्या, त्यासाठी फॉर्मबरोबर एक जादा पान भरावं लागतं. मग ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, कर्ज देणारी बँक त्यावर हक्क सांगू शकत नाही.

आता पदवीची चिंता नाही, हे वाक्य. पॉलिसी २० वर्षांची आहे. ती पिकेल तेव्हा मुलगी २३ची असेल आणि पदवी हातात घेऊन बसली असेल. पहिल्या सत्राची फी १८व्या वर्षी भरायची असते. बोनसच्या कागदावरून शेवटी ३५ लाखांच्या आसपास मिळतील असं दिसतं. एजंटांनी काय आकडा सांगितला होता ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. २० वर्षं लाख-लाख भरून ३५, म्हणजे पाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी धरूनही ४४ लाख होतात. २०१५ला सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना सुरू झाली तेव्हा तुमची मुलगी त्यात बसत होती. तिथे आज ८.२ टक्के आहेत आणि दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. पण सुकन्येवर विमा एजंटाला काय मिळणार?

तरीही पॉलिसी बंद करू नका. चिडून तर मुळीच नको. झालेलं नुकसान मागे पडलं. आता पुढचा हिशेब करायचा. आजचे ११ लाख आत ठेवून आणखी आठ हप्ते भरले आणि ३५ मिळाले, तर इथून पुढचा परतावा साडेनऊ टक्क्यांच्या घरात जातो. ३२च मिळाले तरी आठ. तोही करमुक्त. असल्या पॉलिसीत सुरुवातीची वर्षं सगळ्यात वाईट असतात, ती तुम्ही भोगून झालात. नव्या 'गॅरंटीड'मध्ये गेलात तर तीच वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आणि एजंटांना पहिल्या वर्षाचं कमिशनही पुन्हा. त्यांना नाही म्हणा. कारण द्यायची गरज नाही.

पॉलिसीचा खरा उपयोग वेगळाच आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. १८व्या वर्षी चार वर्षांची पदवी सुरू केली तर ते वर्ष २३वं. म्हणजे फीसाठी नाही, पण कर्ज फेडायला ही रक्कम वेळेवर येते. हे जुळणं निव्वळ योगायोगाचं आहे. श्रेय कुणाला देऊ नका.

ईपीएफला हात लावू नका. १५ लाख सवा आठ टक्क्यांनी १२ वर्षांत, म्हणजे तुमच्या ५८व्या वर्षी, ३८-३९ लाख होतात. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, निवृत्तीनंतर जगायला कुणी देत नाही. आणि त्या १५ लाखांत फक्त अकरावी-बारावी होते! कॅनडातल्या मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगची फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाला ४० लाख सहज लागतात, चार वर्षांचे दीड कोटीच्या वर. ते कुठून येणार, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. शिष्यवृत्ती? परदेशी मुलांना पूर्ण खर्च देणारी टोरंटो विद्यापीठाची लेस्टर पिअरसन शिष्यवृत्ती जगभरातून वर्षाला साधारण ३७ जणांना मिळते, आणि त्यासाठी आयबीच हवं अशी अट नाही. आयबीच्या वरच्या पातळीच्या विषयांत चांगले गुण असतील तर काही विद्यापीठं पहिल्या वर्षाचे एखाद-दोन विषय माफ करतात. ए लेव्हललाही करतात. समुपदेशक शाळेच्या पगारावर आहेत एवढं लक्षात असू द्या.

आता तुमचा प्रश्न. आयबीत सहा विषय, त्यातले सहसा तीन वरच्या पातळीचे, शिवाय चार हजार शब्दांचा निबंध आणि शाळेबाहेरचे उपक्रम. वाचनाची, लिहिण्याची हौस असलेल्या मुलाला ते मानवतं. गणित-फिजिक्सवाल्या मुलीला ए लेव्हलचे तीन-चार विषय सरळ पडतील आणि दोन वर्षांत सहा लाख वाचतील. म्हणजे या दोघांतच निवडायचं असेल तर ए लेव्हल.

पण या दोघांतच का? महाराष्ट्राची सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, त्यात बारावीचा वाटा ८० टक्के. परदेशी बोर्डाच्या मुलीला ती तयारी वेगळी करावी लागते, वर आपलं शिक्षण बारावीच्या बरोबरीचं आहे हे दाखवणारे समकक्षतेचे कागद, आणि आयबीचा निकाल उशिरा, जुलैत. कॅनडातली विद्यापीठं सीबीएसईची बारावी घेतात. तुमच्या मुलीने आहे त्याच बोर्डात बारावी करावी, क्लाससकट वर्षाला दीड-दोन लाखांत. इंजिनिअरिंग इथे, आणि तेव्हाही हौस टिकली तर एमएससाठी कॅनडा, कर्ज काढून. कर्ज तिच्या नावावर, सहकर्जदार तुम्ही. टर्मचे दोन कोटी त्यासाठीही हवेत.

शाळेत जागा राखायला पैसे भरले असतील तर परताव्याच्या अटी पावतीवर बघा आणि नकार लेखी कळवा. पत्राच्या शेवटी बीपीच्या गोळीचा ओझरता उल्लेख आहे. टर्मच्या अर्जात तो ओझरता नको, गोळीचं नाव, किती वर्षांपासून, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल. लपवलंत तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी दावा नाकारू शकते. हा अर्ज एजंटाला भरू देऊ नका, स्वतः भरा.