'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल दिलं, तरी एकालाच 'अ‍ॅक्सेस डिनाइड' का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज सर्व्हरवर फोल्डर शेअर केलाय, 'एव्हरीवन'ला (म्हणजे सगळ्या युजरांना) फुल कंट्रोल दिलंय, बाकीच्यांचं सुरळीत चाललंय. एका सहकाऱ्याला मात्र फाइल उघडता येते, सेव्ह करता येत नाही. त्याला नव्या ग्रुपमध्ये घातलं तरी फरक नाही. मग आता त्याला सरळ अ‍ॅडमिन करून टाकू का?

नका करू. त्याने अडचण कदाचित दिसेनाशी होईल, पण नकार नक्की कोण देतंय ते कळणार नाही आणि पुढच्या माणसाच्या वेळी पुन्हा इथेच याल. परवानग्या वाढवत बसण्याआधी अडवणारा शोधायचा.

पहिला संशय घ्यायचा तो ओळखीवर. तो माणूस स्वतःच्या पीसीवर कुठल्या नावाने लॉगिन आहे हे बाजूला ठेवा, सर्व्हर त्याला कोण समजतोय ते बघा. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्सखाली सेशन्स असतं. तिथे त्याच्या मशीनसमोर कुठलं युजरनेम दिसतंय? पुष्कळदा तिथे भलतंच नाव निघतं: कधीकाळी कुणीतरी ड्राइव्ह जोडून देताना स्वतःचा पासवर्ड घालून 'लक्षात ठेवा'वर टिक केलेली असते. त्याच्या पीसीवर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या सर्व्हरची साठवलेली नोंद काढा. मग कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' (net use) टाकून जुनी जोडणी शिल्लक आहे का ते पाहा, असेल तर तीही तोडा. विंडोज एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनेमने जोडू देत नाही, तसं केलं की १२१९ क्रमांकाची एरर येते. 'सर्व्हरच्या नावाने उघडत नाही पण आयपी अ‍ॅड्रेसने उघडतं' हा चमत्कार बहुधा यातूनच घडतो, कारण विंडोजच्या लेखी नाव आणि आयपी म्हणजे दोन वेगळे सर्व्हर. लोक त्यावर खूश होऊन आयपीचा शॉर्टकट करून ठेवतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ओळख बरोबर असेल तर ग्रुपकडे वळा. माणूस कुठल्या ग्रुपांत आहे याची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते आणि नंतर तीच वापरली जाते. तुम्ही दुपारी त्याला ग्रुपमध्ये घातलंत आणि तो सकाळपासून लॉगिन असेल, तर त्याच्या खिशात सकाळचंच ओळखपत्र आहे. स्क्रीन लॉक करून उघडली तर ते बदलेल याचा भरवसा नाही, पूर्ण लॉग ऑफ करून पुन्हा यायला हवं. लॅपटॉपवाले तर नुसतं झाकण मिटतात आणि आठवडेच्या आठवडे लॉग ऑफ करतच नाहीत. त्याच्या मशीनवर 'हू-अ‍ॅम-आय /ग्रुप्स' (whoami /groups) ही कमांड चालवा. यादीत नवा ग्रुप नसेल तर सर्व्हरवर कितीही टिका मारा, उपयोग शून्य. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला कौल इथेच पडतो.

आता ते 'एव्हरीवन - फुल कंट्रोल' तुम्ही दिलंत कुठे? विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात. शेअरिंग टॅबमधली परवानगी फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होते, सिक्युरिटी टॅबमधली, म्हणजे एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेची), सगळ्यांनाच. एकाच थरात एखादा माणूस तीन ग्रुपांत असेल तर तिन्हींच्या परवानग्यांची बेरीज होते. दोन थरांमध्ये मात्र बेरीज नाही, जी कमी तीच खरी. शेअरवर फुल कंट्रोल आणि एनटीएफएसवर नुसतं रीड असेल, तर हाती येतं रीड. उलटही होतं: अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून नवा शेअर केला की 'एव्हरीवन'ला मुळात फक्त रीड मिळतं, आणि सिक्युरिटी टॅबवर तासभर घाम गाळूनही कुणाचंच काही सेव्ह होत नाही. तुमच्याकडे बाकीच्यांचं चालतंय, म्हणजे शेअरचा थर ठीक असावा आणि तुम्ही टिक तिथेच केली असावी, असा माझा अंदाज. रचना म्हणून ती वाईट नाही. शेअर मोकळा ठेवून खरं नियंत्रण एनटीएफएसवर करणं मलाही पटतं, एकाच ठिकाणी बघावं लागतं. पण तेच 'एव्हरीवन - फुल' सिक्युरिटी टॅबमध्येही दिलं असेल तर काढा. फुल कंट्रोल म्हणजे परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचाही हक्क. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' पुरतं.

एनटीएफएसवर काय अडतंय ते डोळ्यांनी शोधत बसू नका. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस, आणि युजर निवडा. कुठली परवानगी आहे, कुठली नाही आणि 'अ‍ॅक्सेस लिमिटेड बाय' या रकान्यात ती कशामुळे अडली, हे विंडोज स्वतः सांगतं. तिथे एखादं 'डिनाय' सापडलं तर ते कुणी आणि का लावलं हे आधी विचारा. डिनाय नेहमीच जिंकतं असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. फाइलवर थेट दिलेलं 'अलाउ' हे वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या डिनायला हरवतं. म्हणून डिनायच्या भरवशावर कुलूप लावू नये. ज्याला द्यायचं नाही त्याला अलाउच देऊ नये, एवढं पुरतं.

'उघडतं पण सेव्ह होत नाही' याला आणखी एक खास कारण आहे, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. वर्ड आणि एक्सेल जुन्याच फाइलवर लिहीत नाहीत. ते त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनवतात, नावं बदलतात आणि जुनी फाइल काढून टाकतात. म्हणजे सेव्ह करायला फोल्डरमध्ये नवी फाइल बनवण्याची आणि डिलीट करण्याचीही परवानगी लागते. 'चुकून कुणी उडवू नये' म्हणून एखाद्याने रीड आणि राइट देऊन डिलीट काढून घेतलं असेल, तर सेव्ह फसणारच. खूण ओळखायला सोपी आहे: फोल्डरमध्ये आठ अक्षरी, एक्स्टेन्शन नसलेल्या विचित्र नावाच्या फाइली साचलेल्या दिसतात. त्याला नोटपॅडमध्ये एखादी टेक्स्ट फाइल बदलून सेव्ह करायला सांगा. ती झाली आणि वर्डची नाही झाली, तर दोषी डिलीटच समजा. उडवण्याची भीती असेल तर बॅकअप आणि शॅडो कॉपी (विंडोजने राखून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या) ठेवा, डिलीट कापून ती भीती जात नाही.

त्याला सगळ्याच फाइली अडतात की काहीच? काहीच अडत असतील तर त्या फाइली कुठून आल्या ते विचारा. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल 'मूव्ह' केली की ती जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, 'कॉपी' केली तर नव्या फोल्डरच्या घेते. परवानग्या दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या 'आयकॅकल्स' (icacls) कमांडला '/रीसेट' (/reset) आणि '/टी' (/T) दिलं की आतल्या सगळ्या फाइली पुन्हा वरच्या फोल्डरच्या परवानग्या घेतात. पण त्याने मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या परवानग्याही पुसल्या जातात. म्हणून आधी '/सेव्ह'ने (/save) सध्याची स्थिती फाइलमध्ये साठवून ठेवा. हे वाक्य घाईत वगळू नका.

एरर नीट वाचा, हेही सांगतो. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणजे एरर ५. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' म्हणजे ५३. दुसरीचा परवानग्यांशी संबंध नाही, तिथे सर्व्हरचं नाव किंवा फायरवॉलमधला ४४५ क्रमांकाचा पोर्ट बघायचा. आणि 'फाइल वापरात आहे, रीड-ओन्ली उघडा' असं येत असेल तर दुसऱ्या कुणी ती उघडून ठेवलीय. सेशन्सच्या शेजारीच ओपन फाइल्स आहे, तिथे नाव दिसेल.

एवढं करून सुटलं नाही तर सेशन्समध्ये दिसणारा युजर तुमच्या अपेक्षेप्रमाणे आहे का, 'हू-अ‍ॅम-आय /ग्रुप्स'मध्ये नवा ग्रुप आला का आणि त्या फोल्डरवर आयकॅकल्स काय दाखवतं, या गोष्टी इथे टाका. खरी नावं बदलून टाका, आयकॅकल्सने दाखवलेली परवानग्यांची अक्षरं मात्र आहेत तशीच ठेवा.