बॅकरूम मिळाली म्हणून हिरमुसलेल्या मुलीस

तुझा मेल दोनदा वाचला. अंतराळात जाणारे वर जाणार, मिशन कंट्रोलमध्ये पुढच्या कन्सोलवरचे त्यांच्याशी जोडलेले, मग मागच्या खोलीत, बॅकरूममध्ये बसून आकडे बघणारी मी नेमकी कशाला, असं विचारलंयस. खरं सांगतो, आधी वाईट वाटलं, मग रागच आला.

अगं, अपोलो ११ घे. २० जुलै १९६९, लँडर चंद्रावर उतरतोय आणि त्यातला कॉम्प्युटर १२०२ चा अलार्म देतोय, म्हणजे कामाचा ताण जास्त झालाय. आर्मस्ट्राँग विचारतोय हे काय आहे. कन्सोलवर स्टीव्ह बेल्स, वय २६, आणि हेडसेटवरून त्याला ‘सतत येत नसेल तर चालू ठेवा’ सांगणारा जॅक गारमन, वय २४, तो बॅकरूममध्येच होता. हे त्याला आयत्या वेळी सुचलं नाही गं! उड्डाणाच्या थोडे दिवस आधी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे सरावात, असाच अलार्म आला होता, टीमने लँडिंग सोडून दिलं आणि नंतर कळलं की गरजच नव्हती. मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझने सगळे अलार्म तपासायला लावले आणि गारमनने हाताने यादी केली, कुठल्या अलार्मला काय करायचं त्याची. म्हणून काही सेकंदांत उत्तर गेलं.

अलार्म वाजायच्या आधी उत्तर लिहून ठेव. फ्लाइट रूल्स म्हणतात ते हेच, डोकं शांत असताना घेतलेले निर्णय. क्रूला एकच आवाज ऐकू येतो, कॅपकॉमचा, म्हणजे त्यांच्याशी बोलायला नेमलेल्या माणसाचा, पण त्या एका वाक्यामागे अशा किती याद्या असतात!

मला कधी माणसं नेणाऱ्या मोहिमेवर बसायला मिळालं नाही, ती खंत आहे आणि राहील. उपग्रहांच्या कन्सोलवरच नोकरी गेली. शिफ्ट संपल्यावर बसून वही भरायचो, लोकांना तो वेळकाढूपणा वाटायचा. वाटू दे. अपोलोच्या कन्सोलवरच्या जॉन अ‍ॅरनला एका टेस्टमध्ये विचित्र आकडे दिसले तेव्हा त्यांचा माग काढ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने काढला, आणि पुढे अपोलो १२ वर वीज पडून टेलिमेट्रीचा, म्हणजे यानाकडून येणाऱ्या आकड्यांचा, विचका झाला तेव्हा कुठला स्विच फिरवायचा हे त्यालाच माहीत होतं. म्हणजे वही भरताना मी काही चुकीचं करत नव्हतो, आजही तसंच करीन.

अलार्म वाजायच्या आधी लिही, परत सांगतो. पुढच्या सिम्युलेशनच्या आधी तुझ्या सिस्टमचे सगळे अलार्म लिहून मला पाठव, प्रत्येकापुढे थांबायचं की पुढे जायचं, आणि का. ‘परिस्थिती बघून ठरवू’ असं एकाही ओळीत दिसलं तर कागद तसाच परत येईल.