प्रमाणपत्र आधी की पेशंटची खाट आधी?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, आणि हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली तशीच काळजी. हे शिकायचं कुठे, किती दिवसांत, कुणी? तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यातले चार इथे.

प्र. एमबीबीएस आहे, तालुक्याला प्रॅक्टिस करतो. पॅलिएटिव्ह केअरसाठी एमडीच करावं लागतं का?

नाही. आयुष्यभर हेच करायचं असेल तर तीन वर्षांचं एमडी. टाटा मेमोरियलमध्ये ते २०१२ पासून आहे, प्रवेश नीट-पीजीतून. प्रॅक्टिस सांभाळून शिकायचं तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा आठ आठवड्यांचा दूरशिक्षण कोर्स करा आणि मग एखाद्या केंद्रात प्रत्यक्ष काम. तुमच्या दवाखान्यात मॉर्फिन (तीव्र दुखण्यावरचं औषध) ठेवायचं असेल तर अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर संस्थेला मान्यता घ्यावी लागते आणि तिथे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. कागदपत्रं काय लागतात ते एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) कार्यालयातच विचारा, औषधविक्रेत्याला नको.

प्र. जीएनएम नर्स आहे. मोबाइलवर जाहिरात आली: दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, ‘एंड ऑफ लाइफ केअर एक्सपर्ट’ सर्टिफिकेट, आज पैसे भरल्यास फी निम्मी. करू का?

करू नका. ‘आज भरल्यास निम्मी’ हे साड्यांच्या सेलला शोभतं. तरी मोह होत असेल तर त्यांना तीनच गोष्टी विचारा. प्रत्यक्ष पेशंटजवळ किती दिवस काम करायला मिळेल? देखरेखीला कोण असेल? सर्टिफिकेटवर सही कोणत्या संस्थेची? पहिल्याच प्रश्नाला ‘व्हिडिओ आहेत ना’ असं उत्तर आलं की फोन ठेवा.

व्हिडिओला माझा विरोध नाही, पण त्यात हे काम मावत नाही. साध्या मॉर्फिनच्या गोळीचंच घ्या. तिचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री २ ची टळावी म्हणून १० वाजताचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट लिहितात. नर्सने ‘दुखलं तर द्या’ एवढंच सांगितलं की पेशंट आधी कण्हतो, मग गोळी मिळते, आणि दुखणं कायम एक पाऊल पुढेच राहतं. पहिल्या गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषध सुरू झालं नाही तर आठवड्याभरात पोट गच्च होतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करून टाकतात. किडनी थकली की तोच डोस अंगात साठतो: पेशंट गुंगतो, हातपाय झटकतो. ती गुंगी औषधाची की आजाराची, याची शंका यायला आणि लगेच डॉक्टरांना फोन करायला नजर लागते. ती नजर खाटेशेजारीच तयार होते.

शेवटच्या तासांत घशात घरघर सुरू झाली की नवखी नर्स सक्शनकडे, म्हणजे नळीने घशातला स्राव ओढून काढायला, धावते. नळीने बहुतेकदा त्रासच वाढतो. आधी कुशीवर वळवायचं, डोकं किंचित उंच ठेवायचं, सलाइन चालू ठेवायचं का ते डॉक्टरांना विचारायचं. आणि दाराशी उभ्या मुलीला ‘हा आवाज तुम्हाला जितका छळतोय तितका बहुधा त्यांना नाही’ हे कसं सांगायचं? त्यासाठी कुणीतरी सांगताना एकदा शेजारी उभं राहावं लागतं.

पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र, मुंबईत टाटा मेमोरियल, तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया. यांच्याकडे पुढची बॅच कधी, नर्सना प्रत्यक्ष कामाचे दिवस किती, ते थेट विचारा.

प्र. एजन्सी म्हणते, केअरगिव्हर कोर्स केला की परदेशात नोकरीची हमी.

हमी लेखी मागा, मिळणार नाही.

प्र. वडिलांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, घरीच आहेत. त्यांची नीट काळजी घेता यावी म्हणून दोन महिन्यांनी सुरू होणाऱ्या कोर्सला नाव घालू का?

त्यांच्यासाठी म्हणून नको, दोन महिने फार होतात. घरच्यांना शिकवणं हा पॅलिएटिव्ह टीमच्या कामाचाच भाग आहे. आजच जवळच्या केंद्राला किंवा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह ओपीडीला फोन करा. जाताना औषधांची सगळी पाकिटं आणि जुने रिपोर्ट न्या. दुखणं कुठे, किती वाजता वाढतं ते चार दिवस वहीत लिहून ठेवा. जखमेला वास येत असेल तर आवर्जून सांगा, लाजेने लोक हेच लपवतात. त्यावर मेट्रोनिडॅझोलचा उपयोग होतो, पण किती आणि कसं लावायचं ते नर्सकडून करून दाखवून घ्या.